रक्तपेशी ओळखणारा प्रकाश

ताप दोन-तीन दिवसांत उतरला नाही, की डॉक्टर ‘सीबीसी’ करायला सांगतात. पॅथॉलॉजी लॅबमधील स्वयंचलित यंत्र रक्ताच्या थेंबभर नमुन्यातील हजारो पेशी मोजते आणि पांढऱ्या पेशींची प्रकारवार टक्केवारीही देते. सूक्ष्मदर्शकाखाली न पाहता यंत्राला एक पेशी दुसरीपासून वेगळी कशी ओळखता येते? काही यंत्रांमध्ये या प्रश्नाचे उत्तर ध्रुवित प्रकाशाच्या विकिरणात आहे.

साध्या प्रकाशाच्या लहरी प्रवासाच्या दिशेला काटकोनात असलेल्या सर्व प्रतलांत कंप पावतात. ध्रुवित प्रकाशात ही कंपने एकाच प्रतलात होतात. यंत्रात पातळ केलेल्या रक्ताची अतिशय बारीक धार सोडली जाते आणि तीतील पेशी एकामागून एक अशा प्रकाशाच्या लेसर झोतासमोरून जातात. प्रत्येक पेशीवर पडलेला प्रकाश विखुरतो. पुढच्या दिशेने विखुरलेल्या प्रकाशावरून पेशीच्या आकारमानाचा, तर बाजूला विखुरलेल्या प्रकाशावरून तिच्या अंतरंगाचा अंदाज येतो.

अडचण येते ती न्यूट्रोफिल आणि इओसिनोफिल या पेशींची. दोन्ही आकाराने जवळपास सारख्या आणि दोन्हींत सूक्ष्म कण भरलेले. मात्र इओसिनोफिलमधील कणांचा गाभा स्फटिकासारखा असल्याने त्यांवरून विखुरताना प्रकाशाचे ध्रुवण अंशतः बिघडते. नेदरलँड्समधील ट्वेंटे विद्यापीठाच्या संशोधकांनी १९८० च्या दशकात याच फरकावरून या पेशी वेगळ्या करून दाखविल्या. अॅलर्जी किंवा जंतांचा त्रास असल्यास इओसिनोफिल वाढतात. त्यामुळे त्यांची अचूक मोजणी उपयोगी ठरते.

या तंत्राचा आणखी एक उपयोग पुढे लक्षात आला. मलेरियाचा परजीवी लाल पेशीतील हिमोग्लोबिनवर जगतो. त्यातून उरणारे विषारी द्रव्य तो ‘हिमोझोइन’ या काळपट स्फटिकांत साठवितो. फ्रेंच डॉक्टर लाव्हराँ यांना १८८० मध्ये अल्जीरियात परजीवी दिसला तो या काळ्या कणांमुळेच. रोनाल्ड रॉस यांनाही १८९७ मध्ये सिकंदराबाद येथे डासाच्या जठरातील परजीवीची ओळख याच कणांवरून पटली होती. रुग्णाच्या पांढऱ्या पेशी हे स्फटिक गिळतात आणि अशा पेशीही प्रकाशाचे ध्रुवण बिघडवितात. यावरून यंत्राद्वारे मलेरिया ओळखता येतो, हे दक्षिण आफ्रिकेतील संशोधकांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध केले.

याचे महत्त्व मुंबईसारख्या शहराला विशेष आहे. पावसाळ्यात येथे मलेरिया, डेंग्यू आणि लेप्टो यांचे रुग्ण एकाच वेळी आढळतात व सुरुवातीची लक्षणे सारखीच असतात. मलेरियाची शंका घेतलीच नाही, तर त्याची चाचणीही होत नाही. अशा वेळी नेहमीच्या सीबीसीतूनच मिळालेला इशारा उपचारातील विलंब टाळू शकतो.

तथापि, हा केवळ इशारा आहे, निदान नव्हे. ही सोय सर्वच यंत्रांत नसते. परजीवी कोवळ्या अवस्थेत असताना स्फटिक अत्यल्प असतात, तर उपचारानंतरही ते काही काळ पांढऱ्या पेशींत राहतात. त्यामुळे खात्रीसाठी रक्ताचा स्मिअर किंवा रॅपिड चाचणीच करावी लागते. सीबीसीचा अहवाल ‘नॉर्मल’ आला म्हणून मलेरिया नाही, असा निष्कर्ष मात्र रुग्णाने परस्पर काढू नये.