पहाट न होणारी रमी

मालगुंडसारख्या कोकणातल्या गावांत गणपतीत रात्र जागवायला पत्त्यांचा डाव बसतो. पहाटे तो उठतो. मोबाइलवरच्या रमीला पहाट नसते, आणि ‘पुरे आता’ म्हणणारा काकाही नसतो.

२२ ऑगस्ट २०२५ रोजी राष्ट्रपतींची मंजुरी मिळालेल्या कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली. शिक्षा खेळ चालवणाऱ्याला आहे, खेळणाऱ्याला नाही. त्यामुळे घरात सांगायला घाबरू नका. मात्र बंदीने सवय सुटत नाही.

हरलेले पैसे परत मिळवायला पुन्हा लावणे, हे सर्वांत ठळक लक्षण. मग उधारी लपवणे, चिडचिड. घरच्यांनी नुसते कर्ज फेडले तर पुढच्या डावाची सोय होते. आधी यूपीआयची मर्यादा कमी करा. रत्नागिरीत प्रादेशिक मनोरुग्णालय आहे, पण नावालाच लोक बिचकतात. त्यांनी १४४१६ वर ‘टेलि-मानस’ला फोन करावा. सेवा मोफत, चोवीस तास.