बोलाचे मूळ (भाग ९) : शेंडी दिसते, हात दिसत नाही

नात्यांच्या शब्दांची चर्चा मागच्या भागात झाली. आता मूर्खपणाचे आणि फसवणुकीचे शब्द घेऊ. मराठीत ही दोन खाती वेगळी ठेवताच येत नाहीत. कुणी फसला की आपण म्हणतो, येड्यात काढलं, मामा बनवला, उल्लू बनवलं. लबाडी एकाची आणि बट्टा दुसऱ्याला. हे फक्त आपल्याकडेच आहे असे नाही. इंग्रजीत ‘फूल’ म्हणजे मूर्ख, आणि त्याचेच क्रियापद केले की अर्थ होतो फसवणे. फिनिश भाषेत ‘नार्री’ म्हणजे विदूषक, मूर्ख. त्यावरून ‘नार्राता’, म्हणजे गंडवणे. फिनलंडच्या लोककथांत होल्मोला नावाचे मूर्खांचे अख्खे गावच आहे. बिनखिडक्यांचे घर बांधून ही मंडळी पोत्यात भरून उजेड आत नेत बसतात. त्या गोष्टींवर पोट धरून हसावे. त्यात कुणाचे काही लुबाडले जात नाही.

आपले वाक्प्रचार मात्र नीट पाहा. शेंडी लावणे, टोपी घालणे, तोंडाला पाने पुसणे, हातावर तुरी देणे, डोळ्यांत धूळ फेकणे. शेंडी, डोके, तोंड, हात, डोळे, सगळे फसलेल्याचे. पाने पुसणारा कोण, धूळ फेकणारा कोण, याची वाक्प्रचाराला फिकीर नाही.

लबाडाला नावे आहेतच, पण ती कुणाची आहेत? भामटा आणि उचल्या हे दोन्ही शब्द गरीब, भटक्या जमातींची नावे म्हणूनही चालत आले. इंग्रजांच्या १८७१च्या कायद्याने आणि त्याच्या पुढच्या विस्ताराने अशा अनेक जमातींवर जन्मतःच गुन्हेगारीचा शिक्का बसला. कागदावरून तो पुसला गेला १९५२ साली. बोलण्यातून अजून गेलेला नाही. लक्ष्मण गायकवाड यांनी १९८७ साली आपल्या आत्मकथनाला ‘उचल्या’ हेच नाव दिले, तेव्हा मराठी वाचकाला त्या शब्दाआडची माणसे दिसली. खिसा कापणाऱ्याची जात शब्दकोशात गेली. ‘सावकार’ शब्दाच्या मुळाशी मात्र ‘साधु’ आहे. भला माणूस.

हा भला माणूस डहाणू-तलासरीने फार जवळून पाहिला. पावसाळ्यात घरातले धान्य संपले की वारली आदिवासी कुटुंब जमीनदार-सावकाराकडून खावटी उचलायचे आणि पीक आले की वाढीव धान्याने फेडायचे. असल्या व्यवहारातली हातचलाखी मापात असते. देताना पायली काठाशी सपाट करायची, घेताना तिच्यावर शीग चढवायची. माप तेच, पण शिगेचे धान्य दर पायलीमागे सावकाराच्या कणगीत. बघणाऱ्याला ते दिसतही होते. बोलायची सोय नव्हती, कारण पुढच्या पावसाळ्यातही त्याच दारात जायचे होते. लग्नासाठी पैसे घेतले की नवराबायको दोघेही ‘लग्नगडी’ म्हणून राबायला बांधली जायची. कर्ज किती उरले हे सांगणारी वही सावकाराची, वाचणारा सावकार. वारल्याचा त्यात फक्त अंगठा.

या साऱ्याला बाहेरच्यांनी एक शब्द लावला, ‘भोळा’. भोळे आदिवासी! मला हा शब्द शिवीपेक्षा वाईट वाटतो. शिवीत निदान राग असतो. ‘भोळा’ म्हटले की लूट हा लुटलेल्याच्या स्वभावाचा भाग ठरतो आणि लुटणारा नामानिराळा राहतो. २३ मे १९४५ रोजी झरी गावात हजारो वारली जमले आणि वेठ करणार नाही असे त्यांनी ठरवले. शेतकरी चळवळीतले शामराव आणि गोदावरी परुळेकर त्यांच्यासोबत होते. त्याच वर्षी १० ऑक्टोबरला तलवाड्याला पोलिसांच्या गोळीबारात पाच जण मारले गेले, जेठ्या गांगड त्यांपैकी एक. माप खोटे आहे हे या लोकांना झरीत कुणी नव्याने सांगितले नव्हते. एकत्र उभे राहायला तिथे जागा मिळाली.

शिवाय मूर्ख दिसणारा नेहमी मूर्खच असतो असेही नाही. मूर्खपणाचे सोंग हेही दुबळ्याचे एक शस्त्र असते. वेड घेऊन पेडगावला जाणे हा आपला वाक्प्रचार त्याचाच. इंग्रजांकडे गॉथम गावाची दंतकथा आहे. राजा गावावरून गेला तर तिथे कायमचा राजरस्ता होतो या भीतीने गावकऱ्यांनी वेडेचाळे केले, आणि राजाचे लोक परत फिरले.

डहाणूच्या किनाऱ्यावरच्या वरोरसारख्या गावात सावकाराचे ते खोटे माप आता मोबाइलमध्ये आले आहे. घरचा माणूस बोटीवर, फोन बाईकडे. ‘बँकेतून बोलतोय, केवायसी संपलं, आलेला नंबर सांगा.’ सांगितला की खाते रिकामे. मग ओटीवर बायका गोळा होतात आणि पहिला प्रश्न येतो, ‘अगं येडे, नंबर दिलासच कशाला?’ चोराला कुणी काही म्हणत नाही. बाई ओशाळते, नवऱ्यापासून लपवते, दोन दिवस गप्प बसते. तोवर पैसे चार खात्यांतून फिरून पसार झालेले असतात. ते मधेच अडवता येतात, पण त्यासाठी १९३० या सरकारी क्रमांकावर लगेच फोन जायला हवा. म्हणून ओटीवर जमलेल्यांनी आधी तो फोन लावावा आणि त्या बाईला येडी म्हणू नये.

पुढच्या भागात : मापांचे आणि वजनांचे शब्द.