द्राक्षबागाइतदारानें वाइन कशी पारखावी

नाशिककडील कित्येक बागाइतदार वाइनचीं द्राक्षें पिकवितात. परंतु त्यांपासून होणारें पेय कधीं चाखलेलेंच नाहीं, असेही त्यांत असतात. आपल्या मालाचें पुढें काय होतें हें ज्यास ठाऊक नाहीं, त्यास दर व तोडणी यांविषयीं दुसऱ्याच्या शब्दावर विसंबावें लागतें. म्हणून नवख्यानें वाइन कशी निवडावी, हें येथें थोडक्यांत सांगतों.

प्रथम एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. रसांतील साखरेचाच मद्यार्क होतो. २२ ते २४ ब्रिक्सचा रस पुरता आंबला म्हणजे शेंकडा सुमारें १२ ते १४ मद्यार्क होतो व गोडी जवळजवळ उरत नाहीं. अशा वाइनीस ‘ड्राय’ म्हणतात. थॉमसन द्राक्षाच्या गोडीची संवय असलेला मनुष्य पहिल्याच घोटास ती बिघडली असें समजतो. तो समज चुकीचा होय.

यास्तव आरंभ किंचित् गोडी राखलेल्या शेनिन ब्लाँकपासून करावा. नंतर सोव्हिन्यों ब्लाँक घ्यावी. तिच्यांत आंबटपणा तीव्र व वास हिरव्या पाल्यासारखा असतो. तांबड्या वाइनीचा रस सालींसह आंबवितात, म्हणून तींत रंगाबरोबर कोऱ्या चहासारखा तुरटपणा उतरतो. येथें शिराझ आधीं व काबर्ने सोव्हिन्यों मागाहून घ्यावी. दोन पेले शेजारीं ठेवून ताडून पाहिल्यास भेद लवकर कळतो.

बाटलीवरील जात, हंगामाचें वर्ष व मद्यार्काचें प्रमाण वाचावें. साधी पांढरी वाइन शक्यतों अलीकडच्या हंगामाची घ्यावी. पांढरी ८ ते १२ अंशांवर, तांबडी १६ ते १८ अंशांवर ठेवावी. आपल्या उन्हाळ्यांत तांबडीही थोडा वेळ थंड करणें अवश्य आहे. शिरक्याचा किंवा ओल्या पुठ्ठ्याचा वास आल्यास ती बाटली सदोष समजावी. त्यावरून त्या जातीस दोष देऊं नये.

न पिणाऱ्यानें यासाठीं प्यावें, असें आमचें म्हणणें नाहीं. मद्याचें कोणतेंही प्रमाण पूर्ण निर्धोक नाहीं, असें जागतिक आरोग्य संघटनेनें २०२३ सालीं सांगितलें आहे. घोट तोंडांत घोळवून थुंकून टाकला तरी परीक्षा होते. व्यवसायी पारखीही तसेंच करितात.

ही परीक्षा बागेच्या कामीं येते. घड वेलीवर फार दिवस राहिले तर साखर वाढते, आंबटपणा घटतो व वाइन मिळमिळीत होते. हा फरक ज्याच्या जिभेस कळला, तो तोडणीचा दिवस ठरवितांना केवळ ऐकून घेणार नाहीं. आपलेंही मत मांडूं शकेल.