पालवणकर बाळू : एका वेतनभोगी क्रिकेटपटूचे जीवन

खेळाडूने खेळाबद्दल पैसे घ्यावेत यात आज कोणालाही वावगे वाटत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मात्र परिस्थिती निराळी होती. इंग्लंडमध्ये क्रिकेट खेळणाऱ्यांचे उघड उघड दोन वर्ग होते. हौसेखातर खेळणारे ते ‘जंटलमेन’ आणि मजुरी घेऊन खेळणारे ते ‘प्लेअर्स’. दोघे एकाच संघातून खेळत. परंतु अनेक मैदानांवर त्यांच्या कपडे बदलण्याच्या खोल्या वेगळ्या असत आणि मैदानात उतरण्याची दारेही वेगळी असत. हा भेद इंग्लंडमध्ये १९६२ पर्यंत टिकून होता. उत्तर अमेरिकेत बर्फावरील हॉकी खेळणाऱ्यांनाही राजरोसपणे वेतन मिळू लागले ते १९०४ मध्ये, तेथे पहिली व्यावसायिक साखळी स्पर्धा सुरू झाली तेव्हा. थोडक्यात, खेळातून पोट भरणारा मनुष्य कितीही निपुण असला, तरी त्याची गणना मानकऱ्यांत न होता चाकरांत होत असे.

हिंदुस्थानात या भेदावर जातिभेदाचे कलम झाले. येथे वेतन घेऊन क्रिकेटच्या मैदानावर उभा राहिलेला पहिला थोर गोलंदाज अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातीतील होता. त्यामुळे त्याच्या चाकरीवर दुहेरी शिक्का बसला. पालवणकर बाळू यांच्या जीवनाकडे पाहताना ही गोष्ट प्रथम ध्यानात घ्यावी लागते.

बाळूंचा जन्म १८७६ मध्ये धारवाड येथे एका चर्मकार कुटुंबात झाला. घराणे मूळचे कोकणातील पालवण गावचे. आडनाव त्यावरूनच पडले. वडील लष्कराच्या नोकरीत होते, आणि त्यामुळे मुलांचे बालपण पुण्याच्या लष्करी वस्तीत गेले. गोऱ्या अधिकाऱ्यांनी टाकून दिलेल्या बॅटी आणि झिजलेले चेंडू हेच बाळू आणि त्यांचा धाकटा भाऊ शिवराम यांचे पहिले क्रीडासाहित्य. पुढे गणपत आणि विठ्ठल हे आणखी दोन भाऊही याच खेळात नावारूपाला आले.

शाळा लवकर सुटली आणि बाळूंना पुण्यातील पारशी मंडळींच्या एका क्रिकेट क्लबात काम मिळाले. खेळपट्टी झाडणे आणि तिच्यावर रूळ फिरवणे हे त्या कामाचे स्वरूप होते. क्वचित सभासदांना सरावासाठी चेंडू टाकावा लागे. पगार महिना ३ रुपये. १८९२ च्या सुमारास ते युरोपियनांच्या पूना क्लबात गेले. तेथे पगार ४ रुपये झाला आणि कामही वाढले. रूळ फिरवायचा, रेषा आखायच्या, सरावाची जाळी उभारायची, टेनिसच्या मैदानाची निगा राखायची आणि सभासदांना गोलंदाजी करायची, ही सारी कामे त्यांच्याकडे आली.

येथे क्लबातील सरावाची रीत समजून घेतली पाहिजे. फलंदाजी ही सभासदांची करमणूक होती. गोलंदाजी हे कष्टाचे काम होते. उन्हात तासन् तास चेंडू टाकीत राहण्याची सभासदांना हौस नसे, म्हणून त्यासाठी माणूस पगारावर ठेवीत. इंग्लंडमधील अनेक व्यावसायिक गोलंदाजांचीही सुरुवात अशाच चाकरीतून झाली. परिणाम असा झाला की जे काम हलके म्हणून चाकराकडे सोपवले गेले, त्याच कामात त्याला धन्याहून अधिक प्रावीण्य मिळवता आले. बाळूंनी पूना क्लबात शेकडो तास गोलंदाजी केली. बॅट मात्र त्यांच्या हाती कोणी दिली नाही.

ते डावखुरे संथ गोलंदाज होते. अशा गोलंदाजाचा चेंडू सामान्यतः उजव्या हाताच्या फलंदाजाच्या पायाकडून निघून बाहेरच्या यष्टीकडे वळतो. पण नुसत्या वळणाने चांगला फलंदाज फसत नाही. एकच हालचाल करून एक चेंडू थोडा उंच, दुसरा थोडा सपाट आणि तिसरा किंचित वेगाने टाकता आला पाहिजे. शिवाय प्रत्येक चेंडू नेमक्या टप्प्यावर पडला पाहिजे. हे साधण्यास वर्षानुवर्षांची पुनरावृत्ती लागते. बाळूंना ती चाकरीने घडवली. जी खेळपट्टी सकाळी आपण झाडली आणि दाबली, तिचा ओला-कोरडा भाग त्यांच्या हातापायांना ठाऊक असे, असे म्हणण्यास हरकत नाही.

कॅप्टन जे. जी. ग्रेग हे त्या काळच्या हिंदुस्थानातील युरोपियन फलंदाजांत अग्रगण्य होते. इतर सभासदांच्या आधी तासभर येऊन ते बाळूंच्या गोलंदाजीवर सराव करीत. आपल्याला बाद केल्याबद्दल ते दर वेळी बाळूंना आठ आणे देत, अशी आख्यायिका आहे. ती खरी मानली तर ग्रेगना आठ वेळा बाद करणे म्हणजे महिन्याचा पगार मिळवणे होय. हिंदुस्थानातील एका गोलंदाजाच्या कौशल्याला बाजारभाव लाभल्याचे हे आरंभीचे उदाहरण ठरेल.

ही कीर्ती पुण्याच्या हिंदू क्लबाच्या कानी गेली आणि तेथे पेच पडला. युरोपियनांना हरवायचे, तर बाळू हवेत. पण बाळूंना घ्यायचे, तर त्यांच्याबरोबर वावरावे लागणार. सभासदांत मतभेद झाले. अखेर त्यांना संघात घेण्यात आले, मात्र एक विलक्षण तडजोड करून. बाळूंनी हाताळलेला चेंडू मैदानावर सर्वांनी हाताळावा, त्याला विटाळ नाही. मैदानाबाहेर मात्र विटाळ कायम. चहाच्या वेळी इतर खेळाडू आत बसून चिनी मातीच्या कपांतून चहा घेत. बाळूंना तो बाहेर, वापरून टाकून देण्याच्या मातीच्या भांड्यात मिळे. जेवण वेगळ्या ताटात, वेगळ्या जागी. हात-तोंड धुवायचे झाले, तर अस्पृश्य नोकराने मैदानाच्या कडेला नेऊन पाणी घालावे लागे.

बाळूंच्या गोलंदाजीवर पुण्याच्या हिंदूंनी युरोपियनांना नमवले. साताऱ्याच्या गोऱ्या जिमखान्याने त्यांची फिरकी बोथट व्हावी म्हणून खेळपट्टीवर आठवडाभर रूळ फिरवला होता, असे सांगतात. तरीही बाळूंनी सात गडी बाद केले आणि सामना जिंकून दिला. या विजयानंतर न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी बाळूंना जाहीरपणे हार घातला. ज्यांच्याबरोबर आपण खेळतो त्यांच्याबरोबर खाण्यापिण्यासही हरकत नसावी, असे त्यांनी खेळाडूंना बजावल्याचा उल्लेख सापडतो. लोकमान्य टिळकांनीही एका सभेत बाळूंचा गौरव केला. हार गळ्यात पडला. मातीचे भांडे मात्र एका दिवसात फुटणारे नव्हते.

शतकाच्या अखेरीस, प्लेगच्या साथीच्या दिवसांत, बाळू मुंबईस आले. तेथे त्यांना बी. बी. सी. आय. रेल्वेत नोकरी मिळाली. रेल्वेचे काम करायचे आणि रेल्वेच्या संघातून खेळायचे, अशी ती व्यवस्था होती. खेळाडूला नोकरी देऊन संघात घेण्याची जी प्रथा पुढे रेल्वे, बँका आणि गिरण्या यांनी रूढ केली, तिच्या पहिल्या लाभधारकांत बाळूंची गणना करावी लागेल. १८९४ मध्ये स्थापन झालेल्या परमानंददास जीवनदास हिंदू जिमखान्यानेही, काही सभासदांचा विरोध असताना, त्यांना संघात घेतले.

फेब्रुवारी १९०६ मध्ये मुंबईत हिंदू आणि युरोपियन यांच्यात सामना झाला. हिंदूंनी पहिल्या डावात २४२ धावा केल्या, युरोपियनांनी १९१. दुसऱ्या डावात हिंदूंचा संघ १६० धावांत बाद झाल्याने युरोपियनांना विजयासाठी २१२ धावा हव्या होत्या. पण त्यांचा डाव १०२ धावांत आटोपला. हिंदू संघ १०९ धावांनी विजयी झाला. बाळू आणि शिवराम हे दोघेही त्या संघात होते. वंगभंगाच्या चळवळीने देश ढवळून निघालेला असताना हा विजय मिळाल्याने त्याला राजकीय अर्थ प्राप्त झाला. ‘इंडियन सोशल रिफॉर्मर’ या पत्राने त्याकडे जातिभेदाच्या दृष्टीनेही पाहिले : सर्व जातींना समान संधी दिली तर काय साधते, याचा हा दाखला आहे, असा त्याचा आशय होता.

१९११ मध्ये पतियाळाचे महाराज भूपिंदरसिंग यांच्या नेतृत्वाखाली अखिल भारतीय संघ इंग्लंडला गेला. त्यात बाळू आणि शिवराम यांची निवड झाली. संघाची कामगिरी निराशाजनक ठरली. २३ सामन्यांपैकी १५ सामने त्याने गमावले. महाराजांचे लक्ष क्रिकेटपेक्षा इतर समारंभांकडे अधिक होते. या पडझडीत बाळूंची गोलंदाजी उठून दिसली. दुखऱ्या खांद्याने, वयाच्या पस्तिसाव्या वर्षी, त्यांनी संपूर्ण दौऱ्यात ११४ बळी घेतले. त्यांपैकी ७५ प्रथम दर्जाच्या सामन्यांतील होते. सॉमरसेटविरुद्ध शिवराम यांनी नाबाद शतक केले आणि संघाने तो सामना एका गड्याने जिंकला.

दौऱ्याहून परतल्यावर मुंबईतील दलित समाजाने बाळूंचा सत्कार केला. त्या वेळचे मानपत्र एल्फिन्स्टन महाविद्यालयात शिकणाऱ्या भीमराव आंबेडकर या तरुणाने लिहिले होते, असे सांगितले जाते. अस्पृश्य समाजातील तरुणांना बाळूंचे नाव किती प्रेरक वाटत होते, याची यावरून कल्पना येते.

कर्तृत्व असे सिद्ध झाल्यावरही एक गोष्ट बाळूंना मिळाली नाही. हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना कधीच देण्यात आले नाही. गोलंदाजी हे श्रमाचे काम होते, ते त्यांच्याकडून घेण्यास कोणाची ना नव्हती. कर्णधारपद हे आज्ञा देण्याचे स्थान होते. १९१३ मध्ये कर्णधार एम. डी. पै यांनी हा मान ज्येष्ठ खेळाडू म्हणून बाळूंना मिळावयास हवा होता, असे मोकळेपणाने बोलून दाखवले. १९२० च्या चौरंगी सामन्यांच्या वेळी प्रश्न विकोपास गेला. बाळूंना वगळण्यात आले, आणि पै आजारी असताना विठ्ठल यांना डावलून दुसऱ्याकडे नेतृत्व सोपवण्यात आले. तेव्हा विठ्ठल आणि शिवराम यांनी जाहीर पत्रक काढून खेळण्यास नकार दिला. त्याचा परिणाम झाला. पारशांविरुद्धच्या अंतिम सामन्यात बाळूंना उपकर्णधार नेमण्यात आले. पै काही वेळ मैदानाबाहेर गेले आणि तेवढ्या अवधीत पालवणकर बाळूंनी हिंदू संघाचे नेतृत्व केले. १९२३ मध्ये कर्णधारपद विठ्ठल यांच्याकडे आले आणि त्या वर्षी हिंदू संघाने अजिंक्यपद मिळवले. थोरल्या भावाने कमावलेले पद अशा रीतीने धाकट्या भावाच्या हाती पडले. विठ्ठल यांनी पुढे १९४८ मध्ये ‘माझे क्रीडा-जीवन’ हे आत्मचरित्र मराठीत प्रसिद्ध केले.

खेळ संपल्यावर बाळू राजकारणात ओढले गेले. अस्पृश्यांच्या प्रश्नावर ते गांधीजींच्या मार्गाकडे झुकले आणि १९३२ च्या पुणे करारावर त्यांचीही सही आहे. १९३७ च्या प्रांतिक निवडणुकीत काँग्रेसने त्यांना मुंबईत डॉ. आंबेडकरांविरुद्ध उभे केले. आंबेडकरांना १३,२४५ मते पडली, बाळूंना ११,२२५. एके काळी ज्याच्या गौरवात सहभागी व्हावे असे वाटले, त्याच पुरुषाशी आंबेडकरांना मतपेटीत झुंजावे लागले. एकाला वाटत होते की कर्तबगारीपुढे समाजाची दारे हळूहळू उघडतील. दुसऱ्याची खात्री होती की दारे उघडण्यासाठी कायदा आणि सत्ता हाती हवी. बाळूंचे आयुष्य या दोन्ही मतांच्या बाजूने पुरावा देते, हे विसरता येत नाही.

प्रथम दर्जाच्या ३३ सामन्यांत १७९ बळी, सरासरी १५.२१ धावा, अशी त्यांची नोंद आढळते. ही नोंद सुरू होते तेव्हा ते तिशीच्या उंबरठ्यावर होते. पूना क्लबाच्या जाळीतील ती सारी वर्षे तिच्यात नाहीत. त्यांचा हिशेब तेव्हा धावफलकावर न होता पगारपत्रकावर होत होता, दरमहा ४ रुपये या दराने.

पालवणकर बाळू जुलै १९५५ मध्ये मुंबईत निवर्तले. त्याच वर्षी १ जूनपासून अस्पृश्यता (अपराध) अधिनियम देशात अमलात आला होता. सार्वजनिक उपाहारगृहात सर्वांसाठी ठेवलेली भांडी अस्पृश्यतेच्या कारणावरून कोणाला नाकारणे हा त्यानुसार शिक्षेस पात्र गुन्हा ठरला. पुण्याच्या मैदानाबाहेर मातीच्या भांड्यातून चहा पिणाऱ्या त्या गोलंदाजाला या कायद्याच्या राज्यात जेमतेम एक महिना काढता आला.