पाळणारा आजारी असताना

घरातील एखादे माणूस आजारी पडले, की सारे घर त्याच्या अंथरुणाभोवती गोळा होते. कोणी औषध आणावयास धावतो, कोणी कपाळावर पाण्याच्या घड्या ठेवतो, कोणी पेज शिजवितो. या धावपळीत अंगणातल्या तुळशीला पाणी घालावयाचे राहून जाते; पण तुळस दोन-चार दिवस तग धरते. गोठ्यातील गाय वेळ टळताच हंबरून आपली आठवण करून देते. परंतु काही लहान प्राणी असे आहेत, की त्यांची आठवण एक दिवस उशिरा झाली तरी तो उशीर त्यांच्या जिवावर बेततो. गिनीपिग हा त्यांपैकी एक होय.

गिनीपिग हा डुकराच्या जातीचा नव्हे आणि तो गिनी देशातला तर मुळीच नव्हे. तो उंदीर, खार, साळिंदर यांच्याप्रमाणे कुरतडणाऱ्या प्राण्यांच्या वर्गात मोडतो. त्याचे मूळ घर दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वताच्या परिसरात आहे. पेरू, बोलिव्हिया या भागांतील लोकांनी त्याला हजारो वर्षांपूर्वी माणसाळविले व मांसासाठी पाळले; आजही तेथे तो खाल्ला जातो. सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांबरोबर तो युरोपात आला, आणि १५५४ मध्ये कॉनराड गेस्नर या स्विस पंडिताने आपल्या ग्रंथात त्याचे वर्णन केले. त्याला हे विचित्र नाव का मिळाले, याविषयी अनेक तर्क आहेत. पण एकही सर्वमान्य नाही. पुढच्या पायांना चार-चार व मागच्या पायांना तीन-तीन बोटे, शेपटीचा पत्ता नाही, आणि वजन साधारणपणे पाऊण ते सव्वा किलो, असा हा गोलमटोल प्राणी नीट सांभाळला तर पाच ते आठ वर्षे जगतो.

त्याच्या देखभालीत चूक का परवडत नाही, हे समजण्यासाठी त्याच्या पोटाची रचना थोडी पाहिली पाहिजे. गिनीपिगाचे अन्न म्हणजे गवत. गवत पचविण्याचे काम तो एकटा करीत नाही. त्याच्या आतड्यात एक मोठी पिशवी असते आणि तिच्यात असंख्य सूक्ष्म जंतू वस्तीला असतात. ते गवताचे चिवट धागे फोडतात. या जंतूंना सतत नवे गवत मिळत राहावे लागते. ते थांबले, की आतड्यांची हालचाल मंदावते, पोटात वायू साठतो, प्राण्याला वेदना होतात, आणि वेदनेमुळे तो उरलेसुरले खाणेही सोडतो. असे हे चक्र एकदा सुरू झाले म्हणजे ते थांबविणे कठीण जाते. बारा तास काहीही न खाल्लेला गिनीपिग आजारी समजावा. चोवीस तास न खाल्लेल्याचा जीव धोक्यात असतो. दातांचीही तीच गोष्ट. त्याचे वीसही दात जन्मभर वाढत राहतात आणि गवत चघळल्यानेच ते झिजतात. म्हणून पिंजऱ्यात स्वच्छ, वाळलेले गवत रात्रंदिवस असले पाहिजे. दाण्याची वाटी भरलेली आहे म्हणून गवत नसले तरी चालेल, असे समजणे ही मोठी चूक होय. तो आपल्याच काही मऊ लेंड्या पुन्हा खातो, हे पाहून नव्या माणसाला किळस येते. पण त्यांतून त्याला पोषक द्रव्ये मिळतात, तेव्हा त्याला त्यापासून परावृत्त करू नये.

आता अशा एका घराचे चित्र डोळ्यांसमोर आणावे. पावसाळ्याचे दिवस आहेत. दोन गिनीपिग माद्या सांभाळणारी मुलगी डेंग्यूच्या तापाने रुग्णालयात आहे. एक मादी तांबडी आहे, दुसरी कबरी. आई मुलीजवळ आहे, वडील कामावरून परस्पर रुग्णालयात जातात, आणि पिंजऱ्याचा भार तेरा वर्षांच्या भावावर आला आहे. तो रोज सकाळी वाटीत दाणा घालतो, गवताची मूठ टाकतो आणि शाळेत जातो. संध्याकाळी वाटी रिकामी दिसते. बहीण फोनवरून विचारते, "दोघी खातात ना रे दादा?" तो सांगतो, "खातात की! वाटी चाटूनपुसून साफ असते."

त्याने खोटे सांगितले नाही. पण वाटीने त्याला फसविले. पिंजऱ्यात दोन प्राणी असताना रिकामी वाटी एवढेच सांगते, की कोणीतरी खाल्ले. दोघींनी खाल्ले की एकीनेच, हे ती सांगत नाही. शिवाय गिनीपिग आपले दुखणे लपवितो. रानात त्याच्या पूर्वजांवर ससाणे व कोल्हे टपलेले असत, आणि कळपात जो लंगडला किंवा सुस्तावला तो आधी उचलला जाई. तो स्वभाव पिंजऱ्यातही गेलेला नाही. एरवी भाजीची पिशवी सळसळली तरी शीळ घालणारा हा प्राणी दुखत असताना मात्र गप्प राहतो.

दुखणे ओळखावयाचे कसे, तर वजनावरून. स्वयंपाकघरात वापरतात तसला साधा तराजू, त्यावर एक टोपली, आणि एक वही एवढे साहित्य पुरे. निरोगी प्राण्याचे वजन आठवड्यातून एकदा करावे. पण सांभाळणारा नवा असेल, तर रोज ठरावीक वेळी करणे बरे. पाच-दहा ग्रॅमचा चढउतार नेहमीचाच असतो. या घरातील बहिणीने पिंजऱ्यावर एक कागद चिकटविला होता, त्यावर तांबडीच्या नावापुढे ९४० ग्रॅम असे लिहिलेले होते. चौथ्या दिवशी भावाला तो कागद दिसला. त्याने तांबडीला तराजूवर ठेवले. आकडा आला ८७०. सत्तर ग्रॅम म्हणजे ऐकावयास थोडे वाटते. परंतु पन्नास किलोच्या माणसाचे वजन चार दिवसांत पावणेचार किलोंनी उतरावे, तसे ते झाले. त्याने मग पिंजऱ्याच्या कोपऱ्यातील लेंड्या पाहिल्या. कबरी बसते तेथील लेंड्या टपोऱ्या होत्या, तांबडीच्या कोपऱ्यात मात्र मोजक्याच आणि तिळासारख्या बारीक. तिला सिमला मिरचीचा तुकडा दिला, तेव्हा ती तो तोंडात घेई आणि पुन्हा टाकून देई. तिला भूक होती, पण चावता येत नव्हते. अशा वेळी प्राण्यांच्या डॉक्टरकडे त्याच दिवशी जावयास हवे. "ताई घरी आली म्हणजे पाहू" असे म्हणून भागत नाही. पुष्कळदा अशा प्राण्याच्या दाढा वाढून जिभेला टोचत असतात. डॉक्टर त्या घासून देतात, आणि प्राणी पुन्हा खाऊ लागेपर्यंत भिजवलेल्या दाण्याची पातळ पेज बिनसुईच्या पिचकारीने थोडी थोडी तोंडाच्या कडेने भरविण्यास सांगतात. हे काम सावकाश करावे लागते; घाई केल्यास घास श्वासनलिकेत जातो.

घरात आजारी माणूस असले, की त्याची औषधेही हाताशी असतात. तांबडी मलूल दिसते, मग तिलाही त्याच गोळीचा कण द्यावा, असे कोणाच्याही मनात येईल. तसे कदापि करू नये. पेनिसिलीन व त्याच्या जातीची औषधे माणसाला तारक असली, तरी गिनीपिगाला मारक ठरतात. कारण ती त्याच्या आतड्यातील उपकारक जंतूंचा नाश करतात आणि विषारी जंतूंना मोकळे रान मिळते. या संबंधात एक गोष्ट मोठी विचार करण्याजोगी आहे. ऑक्सफर्ड येथील शास्त्रज्ञांनी २५ मे १९४० रोजी पेनिसिलीनचा गुण पहिल्याने पाहिला, तो आठ उंदरांवर. ज्या चौघांना औषध मिळाले ते वाचले. उरलेले चार मेले. पुढे १९४३ मध्ये हेच औषध गिनीपिगांना घातक असल्याचे प्रसिद्ध झाले. ऑक्सफर्डच्या त्या पिंजऱ्यात उंदरांऐवजी गिनीपिग असते, तर कदाचित ते औषध विष म्हणून बाजूला पडले असते.

माणूस आणि गिनीपिग यांच्यात असा भेद आहे, तसे एक साम्यही आहे. बहुतेक सस्तन प्राणी क जीवनसत्त्व आपल्या शरीरात तयार करतात. माणसाला व गिनीपिगाला ते साधत नाही. हे कळले तेही योगायोगाने. १९०७ मध्ये नॉर्वेतील ॲक्सेल होल्स्ट व थिओडोर फ्रोलिश हे दोघे बेरीबेरी या रोगाचा अभ्यास करीत होते. त्यांनी गिनीपिगांना केवळ धान्य व पाव खाऊ घातला. बेरीबेरी तर झाला नाहीच; त्याऐवजी पूर्वी लांबच्या प्रवासात खलाशांचा बळी घेणारा स्कर्व्ही रोग त्या प्राण्यांना जडला, आणि कोबी व लिंबाचा रस दिल्यावर तो हटला. तेथून पुढे संशोधन होत होत ते जीवनसत्त्व हाती आले, आणि त्यावरील कार्यासाठी हंगेरीचे आल्बर्ट सेंट-ग्यॉर्गी यांना १९३७ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

त्या नॉर्वेच्या पिंजऱ्यात जे मुद्दाम घडविले, ते आजारपणाच्या घरात नकळत घडते. बाजारात जावयास कोणाला सवड नसते, म्हणून पंधरा-वीस दिवस केवळ कोरडा दाणा घातला जातो. दाण्यात जीवनसत्त्व मिसळलेले असते हे खरे. पण पिशवी जुनी झाली की ते नाहीसे होत जाते. मग केस राठ होतात, सांधे सुजतात, प्राणी जागचा हलेनासा होतो आणि हिरड्यांतून रक्त येऊ लागते. हे टाळणे काही अवघड नाही. सिमला मिरचीची एक मोठी फोड, थोडी कोथिंबीर किंवा पेरूचा लहानसा तुकडा रोज दिल्यास पुरे. एक किलो वजनाच्या निरोगी प्राण्याला दिवसाला सुमारे १० मिलिग्रॅम आणि आजाऱ्याला ३० मिलिग्रॅमपर्यंत क जीवनसत्त्व लागते. कांदा, लसूण व बटाटा मात्र देऊ नये. दारापुढची हरळी, औषधे फवारलेली नसल्यास, स्वच्छ धुऊन व निथळून घालावी. कापून ढीग करून ठेवलेले ओले गवत आतून तापते व पोट फुगविते, आणि पावसाळ्यात वाळल्या गवतालाही बुरशी येते, तेव्हा ते हुंगून पाहूनच टाकावे. जनावरांचा लसूणघास तर मोठ्या वयाच्या गिनीपिगांना रोज घालू नये. त्यात चुना अधिक असल्याने मूत्राशयात खडे होण्याचा संभव असतो.

पाण्याची बाटली भरलेली दिसली तरी तिच्या तोंडातील गोळी बोटाने हलवून थेंब येतो का ते पाहावे. उन्हाळा असेल तर पिंजरा खोलीच्या सर्वांत गार कोपऱ्यात न्यावा, कारण तीस अंशांपुढची उष्णता या प्राण्याला सोसत नाही. उचलताना एक हात छातीखाली व दुसरा मागच्या पायांखाली असावा. शेजाऱ्यांनी "आम्ही एक सांभाळतो, दुसरा तुम्ही सांभाळा" असे प्रेमाने सुचविले, तरी जोडी फोडू नये. गिनीपिग हा कळपाचा प्राणी आहे. एकटा पडला की तो झुरतो. स्वित्झर्लंडमध्ये तर २००८ पासून त्याला एकटे न ठेवण्याचा नियमच आहे.

राहता राहिला प्रश्न आजारी माणसाचा. आपले प्राणी पाहण्यासाठी त्याचा जीव तळमळतो. तरी काही दिवस दूर राहणे दोघांच्याही हिताचे असते. माणसाचा इन्फ्लुएंझा गिनीपिगांना जडू शकतो आणि एकापासून दुसऱ्याला लागतो, असे २००६ मध्ये प्रयोगान्ती दिसून आले. उलटपक्षी, गिनीपिगाच्या कातडीवरील गजकर्ण अशक्त माणसाला सहज लागू शकते. डेंग्यू डासांमुळे होत असल्याने त्यात पहिली भीती नाही. पण अशक्तपणा आहेच. म्हणून पिंजरा साफ करण्याचे काम दुसऱ्याकडेच राहू द्यावे, आणि आजाऱ्याने हात लावला तर साबणाने धुवावेत.

मात्र बातमी त्याच्यापासून लपवू नये. त्या घरातील भावानेही प्रथम तांबडीचे दुखणे बहिणीला सांगितले नाही. ताप वाढेल अशी त्याला भीती वाटली. पण तांबडी कोणत्या हाताने खाऊ घेते, कोणत्या कुशीवर धरली असता स्वस्थ बसते, हे बहिणीखेरीज कोणालाच ठाऊक नव्हते. शेवटी त्याने फोन केला. क्षणभर ती काही बोललीच नाही. मग म्हणाली, "टॉवेलात गुंडाळ, तोंड तेवढे बाहेर ठेव, आणि कबरीला शेजारी बसव. तिचा वास आला म्हणजे तांबडी घाबरत नाही." त्या रात्री पिचकारीतली पेज पहिल्याने पोटात गेली.

आठव्या दिवशी मुलगी घरी आली. पिंजऱ्याजवळ खुर्ची मांडून ती बसली. भावाने वही तिच्या हातात दिली. वहीत रोजचे आकडे होते: ८७०, ८६५, ८७५, ८९०, ९०५. ती ते वाचीत असता आतून आईने कोथिंबिरीची जुडी सोडली, आणि पिंजऱ्यातून एकदम दोन शिळा ऐकू आल्या.