लेहला जाताय? आधी दोन दिवस स्वस्थ बसा!

हल्ली उन्हाळ्याची सुट्टी जवळ आली की शेजारपाजारच्या एका तरी घरात लडाखचे बेत सुरू होतात. बर्फाची शिखरे, निळी सरोवरे आणि त्यातही आपल्याला विशेष ओढ ती तिथल्या गरम पाण्याच्या झऱ्यांची. गुडघे कुरकुरू लागले की वज्रेश्वरीच्या कुंडात बसून यायचे, ही आपली जुनी रीत. पण मैत्रिणींनो, वज्रेश्वरी समुद्रसपाटीजवळ आणि लेह साडेअकरा हजार फुटांवर!

लेह म्हणजे डोंगरातले वाळवंट. वर्षाचा पाऊस जेमतेम १०० मिलिमीटर. हवा इतकी विरळ की पाणी ८८ अंशांच्या आसपासच उकळते, अन् कुकरवाचून डाळ शिजता शिजत नाही. प्रत्येक श्वासात मिळणारा प्राणवायूही घरच्यापेक्षा सुमारे एक तृतीयांशाने कमी. म्हणून विमानाने उतरल्यावर पहिले दोन दिवस फक्त विश्रांती.

नेमके हेच आपल्याला जमत नाही. डोके ठणकते, मळमळते, झोप लागत नाही. पण ‘माझ्यामुळे सगळ्यांचा खोळंबा नको’ म्हणून बाई गप्प बसते. आमच्या सहलीतल्या एका वहिनींनी रात्रभरची डोकेदुखी यजमानांनाही सांगितली नाही. सकाळी जिना उतरताना त्यांचा तोल जाऊ लागला, तेव्हा सगळ्यांचे धाबे दणाणले. दवाखान्यात प्राणवायू लावावा लागला. रात्रीच सांगितले असते तर एवढ्यावर गेले नसते. तेव्हा डोके दुखत असेल तर आणखी वर जायचे नाही. बसल्या जागी धाप लागली, झोक जाऊ लागला, बोलणे असंबद्ध वाटले, तर तडक हॉस्पिटल गाठायचे आणि डॉक्टर सांगतील त्याप्रमाणे खाली उतरायचे. रक्तदाब, हृदयविकार, पंडुरोग किंवा दिवस गेलेले असतील तर तिकिटे काढण्यापूर्वीच डॉक्टरांना विचारावे.

आता झऱ्यांकडे वळू. नुब्रा खोऱ्यातले पनामिक लेहहून सुमारे दीडशे किलोमीटर. ते लेहपेक्षा थोडे खालीच आहे. पण वाटेत सुमारे १७,६०० फुटांवरची खारदुंग खिंड ओलांडावी लागते. तिथे आंघोळीसाठी न्हाणीघरे आहेत. दुसरे चुमाथांग, सिंधूच्या काठी, १३ हजार फुटांच्या आसपास. तिथे झऱ्याचे पाणी निघते तेच चटका बसेल इतके कढत. हात घालण्यापूर्वी तिथल्या माणसांना विचारावे. सांधेदुखीसाठी लडाखी लोक या झऱ्यांवर येतात. तिथल्या वैद्यांना आमची म्हणतात. त्यांच्या सोवा रिग्पा या वैद्यकशास्त्रातही अशी स्नाने सांगितली आहेत. ऊब मिळते, आखडलेले स्नायू सैल होतात हे खरे. मात्र दुखणे मुळापासून जाईल अशी आशा धरू नये, आणि चालू औषधे तर मुळीच थांबवू नयेत.

पाण्यात दहा मिनिटे पुरे. जेवल्याबरोबर बसू नये, एकटीने बसू नये. कढत पाण्याने रक्तदाब उतरतो, म्हणून उठताना आधी काठावर टेकावे. नंतर पाणी भरपूर प्यावे. आणि हो, पैंजण-जोडवी काढून ठेवा बरं का! गंधकाच्या पाण्याने चांदी काळी पडते.

अंगाला उंचीची सवय झाली की मग फिरायला हरकत नाही. १९९१ साली पुरा झालेल्या शांती स्तूपाला पाचएकशे पायऱ्या आहेत. थांबत थांबत चढाव्यात. चोगलमसरजवळच्या महाबोधी केंद्रात ध्यान आणि योगाची सोय आहे. २०१२ पासून तिथे मॅरेथॉनही भरते. पण कसलेल्या धावपटूंनाही आधी येऊन राहावे लागते, मग आपली काय कथा!

मालिश हवे तर काही हॉटेलांत मिळते. स्नान मात्र बादलीभर पाण्यातच उरकावे. तिथले पाणी बर्फ वितळून येते, आणि त्यावरच तिथल्या बायकांची शेती नि स्वयंपाक चालतो. कोरड्या हवेत कातडी उलते. खोबरेल गोठते, म्हणून तिळाचे तेल न्यावे. ओठांना तूप लावावे.

सहल सगळ्यांची असते, तशी आपलीही. तेव्हा तिथे डोके दुखले, तर सगळ्यांत आधी बोलून मोकळ्या व्हा.