स्वित्झर्लंडची शासनव्यवस्था

मध्य यूरोपातील स्वित्झर्लंड या प्रजासत्ताक संघराज्याची राज्यकारभाराची पद्धती. समान दर्जाच्या सात सदस्यांचे सामुदायिक कार्यकारी मंडळ, ‘कँटन’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या घटक राज्यांची व्यापक स्वायत्तता आणि कायदेनिर्मितीत नागरिकांचा प्रत्यक्ष सहभाग ही तिची प्रमुख वैशिष्ट्ये होत. जर्मन, फ्रेंच, इटालियन व रोमान्श अशा चार राष्ट्रभाषा आणि कॅथलिक व प्रॉटेस्टंट असे दोन प्रमुख पंथ असलेल्या या देशात सत्ता कोणा एका व्यक्तीच्या, पक्षाच्या वा गटाच्या हाती एकवटू नये, हे या तिन्ही वैशिष्ट्यांमागील समान सूत्र आहे. त्यामुळे राज्याला स्थैर्य लाभले; तथापि काही मूलभूत सुधारणांना त्याच कारणाने दीर्घकाळ विलंबही झाला.

*ऐतिहासिक पार्श्वभूमी* : १२९१ मध्ये ऊरी, श्वित्स व उंटरव्हाल्डेन या आल्प्समधील तीन प्रदेशांनी परस्परसंरक्षणार्थ केलेला करार हा स्विस राज्याचा आरंभ मानला जातो. पुढील पाच शतके हा संघ सैल स्वरूपाचाच राहिला. १७९८ मध्ये फ्रेंच आक्रमणानंतर स्थापन झालेले केंद्रीभूत ‘हेल्व्हेटिक प्रजासत्ताक’ लोकांच्या पचनी पडले नाही आणि १८०३ मध्ये नेपोलियनने कँटनांना त्यांचे अधिकार परत दिले. १८१५ मध्ये यूरोपीय सत्तांनी देशाच्या तटस्थतेस मान्यता दिली. पुढे उदारमतवादी आणि कॅथलिक-पुराणमतवादी कँटनांतील संघर्ष विकोपास जाऊन नोव्हेंबर १८४७ मध्ये यादवी युद्ध झाले. सेनापती आंरी द्यूफूर याच्या नेतृत्वाखाली संघीय सैन्याने ते एका महिन्याच्या आत संपविले. मृतांची संख्या सु. शंभर होती. विजेत्यांनी १८४८ च्या संविधानात पराभूत कँटनांनाही इतरांप्रमाणेच स्थान दिले. देशाच्या अधिकृत नावात ‘महासंघ’ हा शब्द आजही असला, तरी १८४८ पासून तो वस्तुतः संघराज्य आहे. १८७४ मध्ये संविधानाची आमूलाग्र पुनर्रचना झाली. विद्यमान संविधान जनतेने १८ एप्रिल १९९९ रोजी संमत केले व ते १ जानेवारी २००० पासून अंमलात आले.

*कँटन* : कँटनांची संख्या २६ असून त्यांपैकी सहा ऐतिहासिक कारणांमुळे अर्धकँटन म्हणून गणले जात. प्रत्येक कँटनाला स्वतःचे संविधान, विधिमंडळ, शासन व न्यायालये आहेत. संघाकडे संविधानाने स्पष्टपणे न सोपविलेले सर्व अधिकार कँटनांकडे राहतात. शिक्षण, पोलीस व आरोग्य हे विषय मुख्यत्वे त्यांच्याच कक्षेत येतात. सर्वांत नवा कँटन झ्यूरा हा होय. बर्न कँटनातील फ्रेंचभाषी प्रदेशाच्या काही जिल्ह्यांनी स्वतंत्र होण्याचा कौल दिल्यानंतर १९७८ मध्ये सर्व देशाने त्यास मतदानाने संमती दिली आणि १ जानेवारी १९७९ रोजी तो अस्तित्वात आला. कँटनांखाली दोन हजारांहून अधिक स्थानिक समुदाय असून त्यांनाही कर बसविण्याचा अधिकार आहे. ग्लारूस व आपेन्झेल इनररोडेन या कँटनांत नागरिक आजही वर्षातून एकदा उघड्या मैदानावर जमून हात वर करून मतदान करतात.

*विधिमंडळ* : संघीय संसद द्विगृही असून तिचे अधिवेशन बर्न येथे भरते. राष्ट्रीय परिषदेचे २०० सदस्य चार वर्षांसाठी निवडले जातात. जागांची वाटणी कँटनांच्या लोकसंख्येनुसार होते आणि १९१९ पासून प्रमाणशीर प्रतिनिधित्वाची पद्धत अवलंबिली जाते. राज्य परिषदेत ४६ सदस्य असतात : प्रत्येक पूर्ण कँटनाचे दोन व अर्धकँटनाचा एक. दोन्ही सभागृहांचे अधिकार समान असल्याने कोणताही कायदा दोहोंच्या संमतीवाचून होत नाही. वर्षातून सामान्यतः चार अधिवेशने भरतात व प्रत्येक सु. तीन आठवडे चालते. बहुतेक सदस्य आपला मूळ व्यवसाय काही प्रमाणात चालू ठेवतात.

*कार्यकारी मंडळ* : सात सदस्यांचे संघीय मंडळ हे राष्ट्रप्रमुख व शासन या दोहोंचे कार्य करते. संसदेची दोन्ही सभागृहे एकत्र बसून गुप्त मतदानाने एकेका सदस्याची चार वर्षांसाठी निवड करतात. प्रत्येक सदस्याकडे एक खाते असते. परंतु महत्त्वाचे निर्णय मंडळ सामुदायिक रीत्या घेते. एखाद्या सदस्याचे मत भिन्न असले, तरी निर्णय झाल्यावर त्याने त्याचेच जाहीर समर्थन करावे, असा संकेत आहे. सदस्यांपैकी एकाची एका वर्षासाठी अध्यक्ष म्हणून निवड होते. तो मंडळाच्या बैठकी चालवितो व राष्ट्राच्या वतीने समारंभांत भाग घेतो; सहकाऱ्यांवर त्याची सत्ता चालत नाही.

संसदीय पद्धतीप्रमाणे येथे अविश्वासाच्या ठरावाने शासन पडत नाही आणि शासनालाही संसद विसर्जित करता येत नाही. मंडळाने पुरस्कारिलेला कायदा जनतेने फेटाळला, तरी कोणी राजीनामा देत नाही. जनतेचा आदेश मानून कारभार पुढे चालतो. १९५९ पासून मंडळातील जागा चार प्रमुख पक्षांत २ : २ : २ : १ अशा विभागल्या गेल्या. ‘जादूचे सूत्र’ म्हणून ओळखली जाणारी ही वाटणी कायद्याने नव्हे, तर संकेताने ठरली. स्विस जनता पक्षाचे बळ वाढल्यावर २००३ मध्ये तीत बदल करावा लागला आणि ख्रिस्ती लोकशाही पक्षाने एक जागा गमावली.

*प्रत्यक्ष लोकशाही* : घटनादुरुस्ती जनतेपुढे मतदानासाठी ठेवणे सक्तीचे आहे. ती संमत होण्यासाठी मतदारांचे आणि कँटनांचे असे दुहेरी बहुमत लागते. या गणनेत अर्धकँटनाचे मत अर्धे धरतात, म्हणून एकूण कँटनमते २३ होतात. संसदेने केलेल्या कायद्याविरुद्ध शंभर दिवसांत ५०,००० नागरिकांनी सह्या केल्यास त्यावर सार्वमत घ्यावे लागते. ही तरतूद १८७४ पासून आहे. अठरा महिन्यांत एक लाख सह्या मिळवून नागरिकांना स्वतः घटनादुरुस्ती सुचविता येते. यास उपक्रमाधिकार म्हणतात. संविधानाच्या अंशतः दुरुस्तीसाठी तो १८९१ मध्ये लाभला. लोझॅन येथील सर्वोच्च संघीय न्यायालयाला संघीय कायदे घटनाबाह्य ठरवून रद्द करता येत नाहीत. त्यांवरील अंतिम नियंत्रण जनतेकडे आहे, अशी यामागील धारणा आहे.

दुहेरी बहुमताचा परिणाम काही मतदानांतून स्पष्ट होतो. ३ मार्च २००२ रोजी संयुक्त राष्ट्रांचे सदस्यत्व ५४.६ टक्के मतदारांनी स्वीकारले, परंतु कँटनांचा कौल १२ विरुद्ध ११ असा निसटता होता. नोव्हेंबर २०२० मध्ये परदेशांत व्यवसाय करणाऱ्या कंपन्यांची जबाबदारी वाढविणारा उपक्रम ५०.७ टक्के मते मिळूनही बहुसंख्य कँटनांनी नाकारल्यामुळे पडला.

*मूल्यमापन* : सार्वमताच्या शक्यतेमुळे विधेयक तयार होतानाच कँटन, पक्ष व हितसंबंधी संघटना यांची मते अजमावून तडजोड साधली जाते. असा कायदा विलंबाने होत असला, तरी सहसा टिकतो. परंतु मताधिकाराचा विस्तार ज्यांच्याकडे तो आधीच आहे त्यांच्याच संमतीने व्हायचा, ही या पद्धतीची मर्यादा स्त्रियांच्या बाबतीत ठळकपणे दिसली. १ फेब्रुवारी १९५९ रोजी पुरुष मतदारांनी स्त्रियांचा संघीय मताधिकार सु. दोन-तृतीयांश बहुमताने फेटाळला. ७ फेब्रुवारी १९७१ रोजी जवळजवळ तेवढ्याच बहुमताने तो मान्य केला. आपेन्झेल इनररोडेनमधील पुरुषांच्या सभेने १९९० मध्येही कँटनाच्या कारभारात स्त्रियांना मत नाकारले. अखेर त्याच वर्षी २७ नोव्हेंबर रोजी संघीय न्यायालयाने तेथील संविधानातील ‘नागरिक’ या संज्ञेत स्त्रियांचाही समावेश होतो, असा निर्णय दिला. एलिझाबेथ कोप या १९८४ मध्ये संघीय मंडळावर निवडून आलेल्या पहिल्या स्त्री होत. २०१० मध्ये सातपैकी चार सदस्य स्त्रिया होत्या.

मतदानाचे प्रसंग वरचेवर येत असले, तरी राष्ट्रीय परिषदेच्या निवडणुकीत १९७९ पासून निम्म्याहून कमी मतदार भाग घेतात. देशातील एक-चतुर्थांशाहून अधिक रहिवासी परकीय नागरिक असून संघीय पातळीवर त्यांना मताधिकार नाही. झ्यूरा व नशातेल या कँटनांनी मात्र दीर्घकाळ वास्तव्य केलेल्या परकीयांना कँटनच्या कारभारापुरते मत दिले आहे. निर्णय घेणारी जनता म्हणजे नेमके कोण, हा प्रश्न त्यामुळे स्विस लोकशाहीपुढे अद्यापही आहे.